वाळवंटांतील बिऱ्हाड : वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांचें चरित्र

थोर पुरुषांचीं जीं चरित्रें विद्यार्थिदशेंत आपल्या वाचनांत येतात, तीं बहुधा रणांगणावरील, राजसभेंतील किंवा प्रयोगशाळेंतील असतात. दगड, विटा, लांकूड आणि चुना यांच्या संगतींत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, अशा माणसांचीं चरित्रें आपल्या हातीं क्वचितच पडतात. वास्तविक पाहतां आपण जन्मतों घरांत, वाढतों घरांत आणि बहुतेक वेळां मरतों तेंहि घरांतच. पण तें घर तसें कां आहे, याचा विचार करणारा विरळा. म्हणून यंदा एका वास्तुशिल्पज्ञाचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतहि त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाकडे, म्हणजे दर हिंवाळ्यांत शिष्यांचा तांडा घेऊन ते वाळवंटांत बिऱ्हाड थाटीत त्या काळाकडे, आम्ही विशेष लक्ष वेधणार आहों.

फ्रँक लॉइड राइट यांचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन या संस्थानांत, रिचलंड सेंटर या गांवीं ८ जून १८६७ रोजीं झाला. त्यांच्या वडिलांचें नांव विल्यम केरी राइट. याच नांवाच्या विल्यम केरी यांनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापिलें, याची आठवण आमच्या कांहीं वाचकांस येथें सहज होईल. राइट यांचे वडील बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशक व संगीताचे जाणकार होते. मात्र संसारांत त्यांचा पाय एका जागीं कधींच ठरला नाहीं. आई ॲना ही वेल्स देशांतून येऊन विस्कॉन्सिनच्या खोऱ्यांत शेती करणाऱ्या लॉइड जोन्स घराण्यांतील शिक्षिका होती. १८७६ सालीं फिलाडेल्फिया येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत तिनें बालोद्यानाचे जनक फ्रोबेल यांचीं लांकडी ठोकळ्यांचीं खेळणीं पाहिलीं आणि तीं मुलासाठीं आणिलीं. घन, गोल, त्रिकोण यांच्याशीं बोटांनीं जडलेली ती ओळख आपल्याला जन्मभर पुरली, असें राइट वृद्धापकाळींहि सांगत असत.

दुसरें शिक्षण त्यांस मामाच्या शेतावर मिळालें. वयाच्या अकराव्या वर्षापासून वसंत ऋतु सुरू झाला कीं फ्रँकला मामाकडे धाडण्यांत येई. पहाटे उठणें, गाई दोहणें, गवत कापणें, लांकडें फोडणें असा त्याचा क्रम असे. पहिल्या पहिल्यानें मुलगा थकून रडकुंडीस आला व एकदोनदां पळूनहि गेला; पण हळूहळू अंग कामास सरावलें. पेरणी, कापणी, बर्फ आणि पुन्हां पेरणी हें वर्षाचें चक्र त्याच्या रक्तांत भिनलें. पुढें त्यांच्या गुरुकुलाचा जो दिनक्रम व वर्षक्रम बनला, त्याचें मूळ आम्हांस या शेतांतच दिसतें.

१८८५ सालीं आईबापांचा विवाहसंबंध तुटला आणि वडील घर सोडून गेले. मुलाचें विश्वविद्यालयांतील शिक्षण थोडक्यांतच आटोपलें. १८८७ सालीं तो शिकागो शहरीं आला. त्या शहराचा मोठा भाग १८७१ सालच्या आगींत भस्मसात् झाला होता. त्यामुळें तेथें बांधकामास ऊत आला होता आणि हुशार हाताला काम मिळण्यास अडचण नव्हती. लवकरच लुई सलिव्हन या नामांकित वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत तरुण राइट यांस जागा मिळाली. सलिव्हन यांस ते जन्मभर गुरु मानीत आले. तरीहि १८९३ सालीं गुरुशिष्यांचें बिनसलें. कराराविरुद्ध रात्रीं चोरून बाहेरच्या गिऱ्हाइकांचीं घरें आंखून दिल्याबद्दल शिष्यास कचेरी सोडावी लागली. राइट यांच्या स्वभावांतील एक दोष येथेंच प्रथम उघडा पडतो. स्वतःच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास इतका दांडगा होता कीं, दिलेला शब्द आणि घेतलेलें कर्ज हीं त्यांस बंधनकारक अशीं वाटतच नसत.

यानंतरच्या सोळा वर्षांत राइट यांनीं अमेरिकेंतील घराचें रूपच पालटून टाकिलें. त्या काळचीं घरें उंच, अरुंद व पेटीसारखीं बंद असत. मध्य अमेरिकेंतील सपाट गवताळ प्रदेशास शोभेल असें घर बुटकें, आडवें आणि पसरट असावें, असें राइट यांचें मत होतें. छपराचे वळचण पुढें लांबवावे, खिडक्या तुटक न ठेवतां ओळीनें बसवाव्या, खोल्याखोल्यांमधील भिंती कमी कराव्या आणि शेगडी घराच्या मध्यावर ठेवावी, असा त्यांचा प्रघात पडला. शिकागोंतील रोबी यांचें घर १९१० सालीं पुरें झालें. तें या पद्धतीचा उत्तम नमुना समजलें जातें. जमीन, हवा आणि तेथें राहणारे लोक यांच्यांतून घर उगवावें, बाहेरून आणून ठेवल्यासारखें तें दिसूं नये, हा त्यांच्या सर्व कामाचा गाभा होता.

परंतु याच काळांत त्यांच्या हातून एक घोर अन्यायहि घडला. १९०९ सालीं पत्नी व सहा मुलें यांस मागें टाकून एका गिऱ्हाइकाच्या पत्नीसह ते युरोपास निघून गेले. आम्ही ही गोष्ट झांकून ठेवीत नाहीं. कारण चरित्र म्हणजे स्तोत्र नव्हे. परत आल्यावर मामांच्या खोऱ्यांत, स्प्रिंग ग्रीन गांवाजवळ, त्यांनीं १९११ सालीं एका टेकडीवर घर बांधिलें व त्यास टॅलिएसिन हें नांव दिलें. वेल्श भाषेंत या शब्दाचा अर्थ तेजस्वी कपाळ असा होतो. टेकडीच्या माथ्यावर घर बांधिल्यास टेकडीच नाहींशी होते, म्हणून तें कपाळपट्टीच्या जागीं असावें, असा त्यामागचा विचार होता. १५ ऑगस्ट १९१४ रोजीं राइट शिकागोस असतांना घरांतील एका नोकरानें घरास आग लाविली व बाहेर पडणाऱ्यांवर कुऱ्हाड चालविली. ती स्त्री, तिचीं दोन मुलें व आणखी चौघे असे सात जीव त्यांत बळी पडले. राइट यांनीं त्याच राखेवर पुन्हां घर उभें केलें. १९२५ सालीं विजेच्या तारांतील दोषामुळें तें दुसऱ्यांदा जळलें. तेंहि त्यांनीं पुन्हां बांधिलें.

मधल्या काळांत जपानची राजधानी टोकियो येथें त्यांनीं इंपीरियल हॉटेलची प्रचंड इमारत उभारली. १ सप्टेंबर १९२३ रोजीं झालेल्या भयंकर भूकंपांत शहराची दाणादाण उडाली, पण ही इमारत थोडी इजा सोसून उभी राहिली. पुढें १९६८ सालीं ती माणसांच्याच हातांनीं पाडली गेली, हें दैवाचें विचित्रपण होय. इतकी कीर्ति होऊनहि राइट यांची आर्थिक स्थिति मात्र बिकट झाली. सावकारी पेढीनें टॅलिएसिनवर जप्ती आणिली, कामें मिळेनाशीं झालीं, आणि साठी उलटलेल्या या गृहस्थास नव्या पिढीचे वास्तुशिल्पज्ञ मागील शतकांतला समजूं लागले. १९२८ सालीं माँटेनीग्रो देशांतील ओल्गिव्हाना या बुद्धिमान स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला. पुढील सर्व उद्योगांत या बाईंचा वांटा निम्म्याहून कमी नव्हता.

वाळवंटाशीं त्यांची गांठ याच हलाखीच्या दिवसांत पडली. १९२८ सालीं ॲरिझोना संस्थानांतील फीनिक्स शहरीं एका हॉटेलच्या बांधकामास सल्ला देण्याकरितां ते गेले. पुढल्या वर्षीं चँडलर या गांवाजवळ एक मोठें विश्रामगृह आंखण्याचें काम त्यांजकडे आलें. भाड्याचीं घरें परवडत नव्हतीं, म्हणून त्यांनीं आपल्या मदतनिसांसह उघड्या वाळवंटांत फळ्या व कॅन्वस यांचा एक तळ ठोकिला. तेथें वाढणाऱ्या एका कांटेरी झुडपाच्या नांवावरून त्यास त्यांनीं ओकाटिया असें म्हटलें. शिडांसारखीं पांढरीं छपरें उन्हांत चमकत व आंत सौम्य प्रकाश पसरे. त्याच वर्षीं अमेरिकेंतील शेअरबाजार कोसळला व विश्रामगृहाचा बेत कागदावरच राहिला. तळहि लवकरच मोडला. पण त्या कांहीं महिन्यांत राइट यांस जें दिसलें तें पुसलें गेलें नाहीं.

काय दिसलें त्यांस? ॲरिझोनाचें सोनोरन वाळवंट म्हणजे केवळ वाळूचे ढीग नव्हेत. फीनिक्सच्या परिसरांत वर्षाकांठीं सात-आठ इंचच पाऊस पडतो, तोहि दोन हप्त्यांनीं : एक हिंवाळ्यांतला मंद, आणि दुसरा जुलै-ऑगस्टमधला वादळी. सॅग्वारो नांवाचा उंच निवडुंग या पाण्याचा थेंब न् थेंब अंगांत सांठवितो. त्याच्या खोडास उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला कीं त्या फुगतात, व अवर्षणांत पुन्हां आंकसतात. आंत लांकडी फांसळ्यांचा सांगाडा असतो. लोखंडी सळयांनीं बळकट केलेल्या बांधकामाचा याहून उत्तम धडा कोणत्याहि विद्यालयांत मिळणार नाहीं, असें राइट यांस वाटलें. तेथील कोणतीच रेषा गुळगुळीत व सरळ नाहीं. प्रत्येक झाड कांटेरी, प्रत्येक डोंगर तुटका. अशा प्रदेशांत सफाईदार पांढऱ्या भिंतीचें घर परकें दिसेल, हेंहि त्यांच्या ध्यानांत आलें.

१९३२ सालीं, मंदीच्या ऐन भरांत, हातीं काम नसतांना राइट दांपत्यानें एक धाडस केलें. टॅलिएसिन येथें त्यांनीं एक गुरुकुल काढिलें. वीसाहून अधिक तरुण-तरुणी पहिल्याच वर्षीं आल्या. तेथें वर्ग नव्हते, परीक्षा नव्हत्या, पदवी नव्हती. गुरूजवळ राहावें, त्याचे नकाशे पुरे करावे आणि त्याबरोबरच शेत नांगरावें, भिंत रचावी, भांडीं घांसावीं, सामुदायिक गायनांत भाग घ्यावा, हीच तेथील उमेदवारी. स्वयंपाकाची पाळी प्रत्येकावर येई. धनिकाचा मुलगा म्हणून कोणासहि सूट नसे. शनिवारीं सायंकाळीं मात्र सर्वांनीं उंची पोषाख करून भोजनास व संगीतास जमावें, असा दंडक होता. दिवसा चिखलांत व रात्रीं सभ्यतेच्या शिखरावर, असा तो विलक्षण संसार होता.

विस्कॉन्सिनचा हिंवाळा कडक. दगडी घर उबदार ठेवण्यासाठीं रात्रंदिवस लांकडें जाळावीं लागत व तीं तोडण्यांतच मंडळींचा वेळ जाई. म्हणून १९३५ च्या आरंभीं सर्व गुरुकुल मोटारींच्या तांड्यानें ॲरिझोनांत आलें. चँडलर येथील एका वाड्यांत राहून त्यांनीं राइट यांच्या कल्पनेंतील आदर्श वस्तीची बारा फूट लांब व तितकीच रुंद अशी प्रतिकृति तयार केली. या वस्तींत प्रत्येक कुटुंबास निदान एक एकर जमीन असावी, अशी त्यांची योजना होती. १९३६ सालीं राइट यांस न्युमोनिया झाला, व थंडींत उष्ण प्रदेशीं राहावें असा वैद्यकीय सल्ला मिळाला. पुढल्या हिंवाळ्यांत त्यांनीं फीनिक्सच्या ईशान्येस, स्कॉट्सडेल या त्या वेळच्या लहानशा गांवाबाहेर, मॅकडॉवेल डोंगराच्या पायथ्याशीं माळरान विकत घेतलें. तेव्हां त्यांचें वय सत्तर वर्षांचें होतें. ज्या वयांत माणसें काठी टेकून अंगणांत बसतात, त्या वयांत या गृहस्थानें आपल्या उत्तम कामगिरीचा पाया खणण्यास आरंभ केला.

त्या जागीं पाणी नव्हतें, वीज नव्हती, नीट रस्ताहि नव्हता. पाण्यासाठीं शेंकडों फूट खोल विंधणी करावी लागली. बांधकामास साहित्य काय, तर पायाखालचे दगड, ओढ्याची वाळू, थोडें सिमेंट, रेडवुड लांकूड व कॅन्वस. दगड कठीण असल्यानें ते घडविण्याची सोय नव्हती. म्हणून उमेदवारांनीं फळ्यांचे सांचे उभे केले; त्यांत दगडांची सपाट बाजू बाहेरच्या अंगास येईल असे ते रचले आणि मधल्या पोकळ्यांत वाळू-सिमेंटचा माल ओतला. सांचा काढला कीं तांबूस, जांभळे, राखी दगड भिंतींत जडवल्यासारखे दिसत. भिंती उभ्या न ठेवतां डोंगराच्या उतारासारख्या कललेल्या ठेवल्या. त्यांवर तिरप्या लांकडी तुळया टाकून मधून कॅन्वसचे पडदे ताणले. नकाशे काढण्याचा सुमारें शंभर फूट लांबीचा दिवाणखाना याच पद्धतीनें झांकला गेला. तेथें सांपडलेल्या कांहीं शिळांवर प्राचीन होहोकाम लोकांनीं कोरलेलीं चिन्हें होतीं. त्या शिळा राइट यांनीं मानानें आपल्या वास्तूंत बसविल्या, आणि त्यांतील एका आकृतीवरून गुरुकुलाचें बोधचिन्ह घेतलें.

आतां या बिऱ्हाडाचा वर्षक्रम पाहूं. आपल्याकडील धनगर जसे ऋतु पाहून मेंढरांसह देश सोडून कोंकणांत उतरतात, तसे हे लोक शेताची कापणी आटोपून, फळें-भाज्या डब्यांत भरून, शरद ऋतूच्या अखेरीस विस्कॉन्सिनहून निघत. दीड हजार मैलांहून लांबचा तो प्रवास मोटारी व मालगाड्या यांच्या तांड्यानें होई. आरंभींच्या वर्षांत वाळवंटांत पोहोंचल्यावर पहिलें काम म्हणजे घर पुन्हां राहण्याजोगें करणें. उन्हाळ्यांत तेथें पारा ११० अंशांच्या वर जातो व वावटळी सुटतात. त्यामुळें कॅन्वस फाटलेलें, लांकूड तडकलेलें आणि खोल्यांत वाळू सांचलेली असे. मंडळी झाडलोट करीत, नवें कापड ताणीत, आणि गुरुजी हातांत छडी घेऊन हिंडतां हिंडतां गतवर्षीची एखादी भिंत पाडण्याची आज्ञा देत. कारण ती त्यांस आतां पटत नसे.

उमेदवार स्वतः राहत ते उघड्या माळावर मेंढपाळांच्या राहुट्यांत. पुढें ज्यास जसें सुचेल तसें त्यानें आपलें निवासस्थान बांधावें, अशी चाल पडली. कोणी दगडाच्या आडोशास छप्पर टाकी, कोणी खड्ड्यांत ओटा करी. हिंवाळ्यांतील रात्र गारठ्याची असे; कोल्ह्यांची कुई ऐकूं येई. पाऊस आला तर कोरड्या ओढ्यांस घटकेंत पूर येई व कॅन्वसमधून पाणी थेट नकाशांवर टपके. सावली कोठें पडते, वारा कोणीकडून येतो, पाणी कोठून वाहतें, हें पुस्तकांतून नव्हे तर अंथरूण भिजल्यावर कळे. वसंतांत पॅलोव्हर्डेचीं झाडें पिवळ्या फुलांनीं डंवरत, ओकाटियाच्या काठ्यांना तांबडे तुरे येत, आणि ऊन चटके देऊं लागलें कीं तांडा पुन्हां उत्तरेकडे पेरणीस निघे. अशा रीतीनें दोन ऋतु, दोन घरें आणि दोन प्रकारचें बांधकाम एकाच वर्षांत शिष्यांच्या हातांखालून जाई.

येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो व तो टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. १९३३ सालीं या गुरुकुलाची वार्षिक फी ११०० डॉलर होती. त्या काळीं मोठमोठ्या विश्वविद्यालयांतहि इतकी फी पडत नसे. ती भरून मुलांनीं दगड वाहावे, गुरूचें घर बांधावें, त्याच्या गिऱ्हाइकांचे नकाशे काढावे आणि मोबदला कांहींच घेऊं नये, हें शिक्षण कीं फुकटची मजुरी? अनेकांनीं तेव्हांहि हा आक्षेप घेतला, आणि कित्येक शिष्य निराश होऊन निघूनहि गेले. गुरूचें तेज इतकें प्रखर होतें कीं, त्याच्या सावलींत स्वतंत्र रोपटें सहसा वाढलें नाहीं. पुष्कळांनीं त्याचेंच अनुकरण करण्यांत आयुष्य घालविलें. हा आक्षेप खोटा आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. उलट पक्षीं हेंहि खरें कीं, जे टिकले त्यांपैकीं अनेकांनीं वृद्धपणीं त्या दिवसांची आठवण कृतज्ञतेनें काढिली. हातानें दगड उचलल्यावांचून दगडाचें वजन नकाशांत उतरत नाहीं, हें त्यांस तेथेंच उमगलें होतें. आमच्या मतें श्रम करावयास लावणें हा दोष नव्हे. श्रमांतून शिष्याची स्वतःची बुद्धि जागी झाली कीं नाहीं, हें न पाहणें हा दोष होय.

या गुरुकुलाच्या बळावरच राइट यांचा दुसरा उदय झाला. पेनसिल्व्हेनियांत धबधब्याच्या वर बांधिलेलें कॉफमन यांचें घर १९३५ ते १९३७ या काळांतलें. त्या गृहस्थांचा मुलगा येथें शिष्य होता, म्हणूनच ही ओळख झाली. रेसीन गांवीं जॉन्सन कंपनीच्या कचेरीसाठीं त्यांनीं खालीं निमुळते व वर छत्रीसारखे पसरलेले खांब आंखले. असल्या किरकोळ खांबास भार सोसणार नाहीं, असें सरकारी तपासनीस म्हणूं लागले. जून १९३७ मध्यें एक खांब उभा करून त्यावर वजन टाकण्यांत आलें. १२ टन पेलले तरी पुरे होतें. खांबानें ६० टन पेलले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाचें काम १९४३ सालीं त्यांजकडे आलें. शंखासारख्या वळणावळणानें चढत जाणारी ती इमारत पुरी होण्यास सोळा वर्षें लागलीं.

हिंदुस्थानाशींहि या तळाचा संबंध आला. अहमदाबादच्या सुप्रसिद्ध घराण्यांतील गिरा साराभाई यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर येथें राहून शिक्षण घेतलें. त्यांच्या कॅलिको गिरणीच्या दुकानाचा आराखडा राइट यांनीं केला होता, पण तो प्रत्यक्षांत उतरला नाहीं. पुढें १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय आकृतिकला-संस्था निघाली, तिच्या उभारणींत गिराबेन व त्यांचे बंधु गौतम यांचा मोठा हात होता. दुसरे शिष्य मानसिंह राणा. दिल्लींतील बालभवन व नेहरू तारांगण हीं त्यांचीं कामें. इटलीहून आलेले पाओलो सोलेरी हेहि थोडा काळ येथें होते. त्यांनीं पुढें १९७० सालीं फीनिक्सच्या उत्तरेस आर्कोसांती नांवाची स्वतंत्र प्रयोगवस्ती स्थापिली. एका एकरावर एक कुटुंब पसरावें हें गुरूचें मत. सर्वांनीं एकाच वास्तूंत दाटीनें राहून भोंवतालचें वाळवंट मोकळें ठेवावें हें शिष्याचें मत. वाळवंटांतून दोघे दोन उलट धडे शिकले.

कालांतरानें तळाचें रूप बदललें. कॅन्वसच्या जागीं कांच आली, आणि तात्पुरता निवारा कायमचें घर बनूं लागला. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दरींतून विजेच्या मोठ्या तारा गेल्या. त्या जमिनीखालून न्याव्या म्हणून राइट यांनीं थेट अध्यक्ष ट्रुमन यांजकडे तक्रार केली. तिचा उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यांनीं घराचें प्रवेशद्वारच फिरवून डोंगराच्या बाजूस घेतलें. ९ एप्रिल १९५९ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, फीनिक्स येथें त्यांचा अंत झाला. गुगेनहाइम संग्रहालय त्यानंतर सहा महिन्यांनीं उघडलें. शिष्यांनीं देह मोटारींतून विस्कॉन्सिनला नेला आणि मामांच्या खोऱ्यांतील लहानशा प्रार्थनामंदिराशेजारीं त्यांस माती दिली. तो त्यांचा अखेरचा उत्तरेचा प्रवास ठरावा. पण तसें झालें नाहीं. १९८५ सालीं ओल्गिव्हाना वारल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें राइट यांचे अवशेष उकरून, दहन करून, ॲरिझोनांत आणण्यांत आले. विस्कॉन्सिनच्या लोकांस याचें फार वाईट वाटलें. जन्मभर दोन घरांत वांटला गेलेला हा पुरुष मृत्यूनंतरहि एका जागीं निश्चिंत राहूं शकला नाहीं.

२०१९ साली त्यांच्या आठ वास्तूंस युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत हीं दोन्ही टॅलिएसिनें आहेत. मात्र तेथें चालत आलेली वास्तुविद्येची शाळा व वास्तूंची मालकी असलेली संस्था यांचें एकमत न झाल्यामुळें २०२० सालीं ती शाळा तेथून बाहेर पडली, आणि सोलेरी यांनीं उभारलेल्या जागांत तिनें आसरा घेतला. जें घर दरवर्षीं मोडून नव्यानें उभें करावयाचें होतें, तें आतां जसेंच्या तसें जपलें जात आहे. आणि ज्यांच्या हातांनीं तें उभें राहिलें, त्या विद्यार्थ्यांचा वास तेथून सुटला आहे. जपणूक अवश्य आहे, हें आम्हांस मान्य आहे. तरी पण पाहुण्यांच्या पावलांनीं गजबजलेल्या त्या दिवाणखान्यांत छपराचें कापड ताणणारा एखादा तरुण दिसूं नये, ही उणीव आमच्या मनाला लागते.

विद्यार्थिमित्रहो, राइट यांच्या चरित्रांत अनुकरणीय तेवढेंच त्याज्यहि आहे. त्यांनीं ऋण बुडविलें, माणसें दुखविलीं, आणि मोठेपणाचा तोरा कधीं सोडला नाहीं. परंतु दोनदां घर जळलें असतां तिसऱ्यांदां पाया खणणारी, आणि सत्तराव्या वर्षीं राहुटींत राहून नव्या भूमीचा स्वभाव शिकणारी जिद्द सर्वांच्या अंगीं नसते. आपल्या गांवचा दगड कोणता, आपला पाऊस कोणत्या दिशेनें झोंबतो, आपल्या उन्हाळ्यांत दुपारीं सावली कोठें असते, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें बांधलेलें घर भाड्यानें आणलेल्या पोषाखासारखें अंगावर लोंबेल. हें ज्ञान मिळविण्यास ॲरिझोनास जावयास नको. आपल्याच आवारांतील एखादी कोसळलेली गडग्याची भिंत या सुट्टींत चार मित्रांनीं मिळून रचून पाहावी. पहिल्या पावसांत ती टिकली कीं ढासळली, यावरून काय शिकावयाचें तें आपोआप समजेल.